पोकलेन-जेसीबीचं काम शिकायचंय? कोकणातल्या होतकरू मेकॅनिकसाठी पहिल्या वर्षाची वाट

कोकणात आज यंत्रांची वाण नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, जांभ्याच्या चिरेखाणी, काळ्या दगडाचे क्रशर, जयगड-दिघीसारखी बंदरं, सड्यावरच्या आंबा-काजूच्या बागांसाठी कातळात मारले जाणारे खड्डे, कुठेही जा, एखादी पोकलेन किंवा जेसीबी नजरेस पडतेच. वाण आहे ती त्यांच्याकडे नीट बघणाऱ्या माणसांची. मशीन बंद पडलं की घाटावरून मेस्त्री येईपर्यंत ते दोन-दोन दिवस उभं राहतं आणि मालकाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून दहावी-बारावी झालेल्या, हाताने काम करायची आवड असलेल्या इथल्या मुलामुलींनी मुंबईची गाडी पकडायच्या आधी या कामाचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

हा लेख त्या पहिल्या वर्षासाठी आहे. यात खोलण्या-जोडण्यापेक्षा तपासणीवर भर दिसेल. इंजिन खोलायला कोणीही उस्ताद शिकवतो. ते खोलायची वेळच येऊ नये म्हणून रोज काय बघायचं, हे सहसा कोणी बसून शिकवत नाही.

शिक्षण कुठे घ्यायचं

सरळ मार्ग आयटीआयचा. ‘मेकॅनिक डिझेल’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ दोन वर्षांचा. दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडून ऑनलाइन प्रवेश होतात. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, पनवेल इथे शासकीय आयटीआय आहेत. मात्र कुठल्या संस्थेत यंदा कोणता ट्रेड चालू आहे, ते अर्ज भरण्याआधी संस्थेत जाऊन विचारा. जमल्यास तिथलं वर्कशॉपही बघून या. खोललेली इंजिनं, इंजेक्टर तपासायचं यंत्र आणि मुलांच्या हाताला लागलेलं ऑइल दिसलं तर संस्था चांगली समजा. सगळं काचेच्या कपाटात चकाचक मांडलेलं असेल तर आणखी चौकशी करा.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ती मिळते, तिला विद्यावेतन असतं आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. कोकणात यासाठी एसटीच्या विभागीय कार्यशाळा मला फार मोलाच्या वाटतात. रायगडची पेणला, रत्नागिरीची रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गची कणकवलीत आहे. तिथे एकाच मेकची कितीतरी इंजिनं हाताखालून जातात, त्यामुळे नॉर्मल आवाज कसा असतो हे कानात बसतं. तो कान तयार झाला की बिघाडाचा आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो.

एसटीत पोकलेनसारखं हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर हालचाल करणारी यंत्रणा) मिळत नाही. ते साइटवरच शिकायचं. नोकरी निवडताना पहिल्या पगारापेक्षा मालकाकडे किती प्रकारची मशीन आहेत आणि त्याचा मेस्त्री कसा आहे, ते बघा. प्रश्न विचारला की खेकसणाऱ्या मेस्त्रीकडे वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

आणखी एक जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे आपली मासेमारी बंदरं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागतात आणि इंजिनांची कामं निघतात. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा ठिकाणी त्या दिवसांत मदतनीस म्हणून गेलात, तर लायनर-पिस्टन काढणं, व्हॉल्व्ह बसवणं, टॅपेट सेट करणं हे सगळं थोड्या दिवसांत डोळ्यांखालून जाईल.

हात लावण्याआधी

सुरक्षिततेवर मोठं व्याख्यान देत नाही, पण पुढच्या गोष्टी मोडणाऱ्या माणसाबरोबर काम करू नका.

मशीन सपाटीवर लावा. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर सगळ्या दिशांनी हलवून पाइपांतलं उरलेलं प्रेशर सोडा. चावी आपल्या खिशात. बॅटरीचा कट-ऑफ असेल तर तो बंद. बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, वर ठेवून त्याच्याखाली काम करायचं झालं, तर लोखंडी लॉक किंवा भक्कम टेकू हवाच. नुसत्या सिलिंडरवर कधीही विसंबू नका, होजपाइप फुटला की बूम डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली येतो.

आणि हे तर पाठच करा: हायड्रॉलिकची गळती बोट फिरवून शोधायची नाही. पोकलेनचं प्रेशर ३०० बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जातं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीच्या आत शिरतं. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत मात्र हात सडायला लागतो. गळती शोधायला पुठ्ठा वापरा. कोणाला असं लागलंच तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की दाबाखालचं ऑइल आत गेलंय. आपल्याकडे मोठं रुग्णालय लांब असतं, म्हणून ही घाई दुपटीने महत्त्वाची.

सकाळची फेरी

पहिले काही महिने रोज सकाळी ऑपरेटर यायच्या आधी मशीनभोवती एक पूर्ण फेरी मारा. एकाच जागेपासून सुरुवात, एकाच दिशेने. क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही.

आधी जमिनीकडे बघा, कारण रात्रभराची गळती तिथे दिसते. काळं थेंब इंजिन ऑइलचं, सोनेरी बहुधा हायड्रॉलिकचं, हिरवट किंवा लालसर पाणचट असेल तर कूलंट. थेंब कुठे पडलंय ते बघून वर नजर न्या.

मग इंजिन ऑइल. गेज काढून पुसा, परत घालून काढा. पातळी तर बघायचीच, पण ऑइल बोटांत चोळून वासही घ्या. दुधाळ झालं असेल तर पाणी मिसळलंय. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर कुठून तरी डिझेल आत येतंय. दोन्ही वेळा इंजिन सुरू करायचं नाही.

कूलंट थंड इंजिनावरच बघायचं. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला. बाजूच्या विहिरीतून बादलीभर पाणी आणून ओतायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर आणि लायनर आतून खाल्ले जातात. कॅनमध्ये तयार कूलंट ठेवा, मोठा खर्च नाही.

एअर फिल्टरपाशी जरा थांबू. चिरेखाणीतली जांभ्याची तांबडी धूळ आणि क्रशरची पांढरी भुकटी या दोन्ही इंजिनाच्या वैरी. फिल्टरच्या डब्याखाली एक रबरी नळी-तोंड असतं, ते रोज दाबून साठलेली धूळ खाली पाडा. धूळ अजिबात पडत नसेल तर ते तोंड चिकटलंय किंवा फाटलंय का, ते बघा. बाहेरचा फिल्टर इंडिकेटर लाल दाखवेल तेव्हाच काढा. उगाच रोज काढला, तर काढता-घालताना धूळ आत जाते. टायरवर आपटून साफ करायचा नाही, कागदाला चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. हवा मारायचीच तर कमी प्रेशरने, आतून बाहेर. आतला छोटा सेफ्टी फिल्टर मात्र साफ करायचाच नसतो, तो फक्त बदलायचा. धूळ खाल्लेलं इंजिन आवाज करत नाही. लायनर आणि रिंगा झिजत राहतात आणि एक दिवस ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागतो.

रेडिएटरच्या जाळीत गवत, पाला, धूळ अडकलेली असते. पंख्याची हवा ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने ती फुंकून काढा. ‘मशीन गरम होतंय’ अशा कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

पुढे बेल्ट, होजपाइप (वाकवल्यावर भेगा दिसतात का), बकेटचे दात, पिना, चाकांचे नट. पिना-बुशांची ढिलाई बघायची तर ऑपरेटरला बकेट किंचित वर-खाली करायला सांगा आणि लांब उभं राहून सांध्यांकडे बघा. जिथे धातू आधी हलतो आणि वजन मागून येतं, तिथला बुश खाल्लेला आहे. ग्रीस प्रत्येक निपलला जातंय का तेही बघा. कडेने नवं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. येत नसेल तर निपल चोंदलाय, दुसऱ्या कामावर जाण्याआधी तो बदला.

हे सगळं वहीत लिहा. तारीख, तासमीटरचा आकडा, काय दिसलं, काय केलं. इंजिन ऑइल, फिल्टर, हायड्रॉलिक यांचे बदलायचे टप्पे बहुतेक मशीनला २५०, ५००, १०००, २००० तास असे असतात, पण नेमकं काय आणि केव्हा ते त्या मशीनच्या पुस्तकातच बघा. वही नसेल तर ‘मागच्या महिन्यात बदललं होतं बहुतेक’ यावर गाडा चालतो आणि महागडा पंप हकनाक जातो.

डिझेलमधलं पाणी

कोकणातल्या डिझेल मेकॅनिकला हे इतरांपेक्षा जास्त नीट आलं पाहिजे. इथल्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. तिथे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि फिल्टरवर काळा चिकट गाळ येतो. पाण्याने इंजेक्टर आणि पंपाचे बारीक भाग गंजतात. जुन्या पंपाने थोडंफार सोसलं असतं. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे पाण्याच्या थेंबालाही माफी नाही.

उपाय साधे आहेत. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटरखालचा कॉक सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि उजेडात धरा. खाली पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा.

बहुतेक पाणी मात्र बॅरलमधून येतं. साइटवर बॅरल उभं ठेवलं, की वरच्या काठात पावसाचं पाणी साठतं. उन्हाने बॅरल तापतं, रात्री थंड होतं, आतली हवा आकसते आणि झाकणाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. झाकण घट्ट असूनही! बॅरल छपराखाली आडवं ठेवा, दोन्ही झाकणं डाव्या-उजव्या बाजूला एका पातळीत येतील असं, म्हणजे ती डिझेलखाली राहतात आणि ओलावा आत ओढला जात नाही. ते शक्य नसेल तर उभं बॅरल तिरकं टेकवा. उपसताना पाइप तळाला टेकवू नका, चार बोटं वर ठेवा.

नवा फिल्टर बसवताना त्यात डब्यातलं डिझेल ओतून बसवायची जुनी रीत कॉमन रेलवर वापरू नका. न गाळलेलं डिझेल थेट पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवा आणि हॅन्ड प्रायमरने भरा.

सुरू होत नाही, तेव्हा

इथे शिकाऊ पोरं घाबरून एकदम पाच गोष्टी बदलतात. एका वेळी एकच गोष्ट तपासा, आणि पहिला प्रश्न हा: सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतोय की नाही?

फिरत नसेल तर मल्टिमीटर काढा. १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. २४ व्होल्टच्या मशीनला अशा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, दोन्ही वेगवेगळ्या मोजा. बॅटरी ठीक असेल तर अर्थिंगकडे वळा. खाऱ्या हवेत तांब्याच्या लग्जवर (केबलच्या टोकांवर) हिरवी बुरशीसारखी पूड चढते, वरून जोड घट्ट दिसतो आणि आत करंट जात नाही. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल किंवा तिचा जोड खराब. एवढी एक चाचणी येत नाही म्हणून किती चांगले सेल्फ उगाच खोलले जातात! सेफ्टी लिव्हर आणि न्यूट्रल यांचं लॉकही विसरू नका.

सेल्फ फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर सायलेन्सरकडे बघा. फिरताना धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही: टाकी, कॉक, सेपरेटर, फिल्टर, हवा घेतलेली लाइन, स्टॉप सोलेनॉइड, याच क्रमाने जा. पांढरा धूर येतोय पण पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, तपमान किंवा कॉम्प्रेशन कमी पडतंय किंवा टायमिंग चुकलंय.

हवा काढताना जुन्या इंजिनात इंजेक्टरचा नट ढिला करून डिझेल उडताना बघायची सवय आहे. कॉमन रेलवर चालू इंजिनात हे कधीही करायचं नाही, जीवावर बेतेल. तिथे स्कॅनर लावून रेल प्रेशर बघायचं. चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही चार आणि जानेवारी २०२५ पासून सीईव्ही पाच हे प्रदूषणाचे टप्पे लागू झाले. त्यामुळे यापुढे चाकांच्या नव्या यंत्रांचं इंजिन बहुधा सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेसह येणार. पान्याइतकाच मल्टिमीटर हातात बसवा. वायरिंगचा नकाशा वाचायला आयटीआयमध्येच शिका, नंतर कोणी शिकवत नाही.

चालू इंजिनाचा धूरही बोलतो. लोड नसतानाही काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय: एअर फिल्टर, टर्बोचा होज, मग इंजेक्टर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर, सोबत कूलंट घटतंय, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या.

हायड्रॉलिकचा बिघाड शोधताना

‘मशीन हळू चालतंय’ असं ऑपरेटर म्हणाला की त्याला विचारा: सगळंच हळू, की एकच हालचाल? थंड असताना, की गरम झाल्यावर? सगळंच हळू असेल तर ऑइलची पातळी, सक्शनची जाळी, पंप, मेन रिलीफ (जादा दाब सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह). एकच हळू असेल तर त्या सिलिंडरची सील, त्याचा स्पूल (ऑइलची वाट बदलणारा दांडा), त्याची पायलट लाइन (लिव्हरचा इशारा नेणारी कमी दाबाची नळी). थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मंद, तर झिजलेल्या पंपाकडे बोट जातं, कारण पातळ झालेलं ऑइल आतल्या आत निसटतं. हे प्रश्न पाच मिनिटांचे आहेत आणि दिवसभराची खोलाखोल वाचवतात.

बूम आपोआप खाली येतो अशी तक्रार असेल तर इंजिन बंद करा, सिलिंडरच्या दांड्यावर खडूची खूण करा, दहा मिनिटांनी किती सरकलाय ते मोजा आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा.

खोलायचं ठरलं तर आधी जोड धुऊन कोरडा करा, काढलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच झाकण लावा. कापसाचं वेस्ट आत वापरू नका, तंतू राहतात. उघड्या क्रशरवर वारा सुटलेला असताना पंप खोलणारा मेस्त्री कितीही नावाजलेला असो, त्याला नम्रपणे थांबवा.

पोकलेनच्या चेनबद्दल एवढंच: पावसात चिखल भरला की चेन आपोआप ताणली जाते, म्हणून चिखलात ती थोडी सैल ठेवतात. सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि त्याच्या समोर उभे राहू नका. आत दाबलेलं ग्रीस व्हॉल्व्हसकट गोळीसारखं बाहेर येऊ शकतं.

पुरात बुडालेलं मशीन

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांना कळलं. बुडालेल्या मशीनची चावी फिरवायची नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरीच्या वायरी सोडवा. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी लागलं असेल तर आधी सगळं गोड्या पाण्याने भरपूर धुवा, तेही त्याच दिवशी. मग इंजिन, गिअर, अ‍ॅक्सल, हायड्रॉलिक, डिझेलची टाकी, सगळ्यांचे ड्रेन उघडून पाणी जाऊ द्या. इंजेक्टर काढून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडेल. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइल फिल्टर नवे. टर्बोचा पाइप आतून पुसा. वायरिंगचे कनेक्टर एकेक करून खोला, सुकवा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा. ईसीयू त्या कंपनीच्या माणसाला दाखवल्याशिवाय करंट देऊ नका. नव्याने भरलेलं पहिलं ऑइल थोडा वेळ चालवून पुन्हा बदला, ते दुधाळ निघालं तर आणखी एकदा. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीसही बदलायचंच. ते विसरलं तर दिवाळीच्या सुमारास बेअरिंग ओरडायला लागतं.

मिरगाआधी आणि पावसाळ्यानंतर

पावसात खाणी आणि मातीकामं थांबतात, मशीन उभं राहतं. ते उंचवट्यावर, वहाळापासून लांब लावा, झाडाखाली नको. धुऊन सुकवा. ऑइल जुनं असेल तर उभं करण्याआधीच बदला, वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहायला नको. टाकी काठोकाठ भरा. सिलिंडर जितके आत घेता येतील तितके घ्या आणि उघड्या राहिलेल्या चकचकीत दांड्यांवर ग्रीसचा हात फिरवा. खाऱ्या हवेत तिथे बारीक खड्डे पडले की नवी सीलही टिकत नाही. सायलेन्सरचं तोंड झाका. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. बॅटरी जागेवरच ठेवली असेल, तर आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यात तोटाच जास्त. इंजिन पुरतं गरम होत नाही आणि आत पाणी मात्र धरतं. चालवायचंच तर पुरेसं गरम होऊ द्या आणि सगळ्या हालचाली करून बघा.

गणपती झाले, ऊन पडायला लागलं की मशीन काढायची वेळ येते. सायलेन्सरचं झाकण आधी काढा. एअर फिल्टरच्या डब्यात आणि वायरिंगच्या कप्प्यात उंदरांनी घर केलंय का ते बघा, सापही मिळतात, तेव्हा हात घालण्याआधी टॉर्च मारा. दांड्यांवरचं ग्रीस पुसून टाका, तसंच ठेवलं तर त्यावर चिकटलेली माती सील फाडते. टाकीच्या आणि हायड्रॉलिकच्या तळातलं पाणी सोडा. मग बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलेटरला हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटं मंद चालू द्या, एकेक सिलिंडर सावकाश पूर्ण लांबीपर्यंत न्या, बंद करा आणि पुठ्ठा घेऊन गळतीसाठी पुन्हा एक फेरी मारा. वहीत तासमीटरचा आकडा लिहा आणि मगच ऑपरेटरच्या हातात चावी द्या.